मालक अंथरुणावर, घोडे ठाणावर

पान का सडले, भाकरी का करपली आणि घोडे का अडले, या तीन प्रश्नांचे ‘न फिरविल्यामुळे’ हे एकच उत्तर महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक असते. भाकरीच्या बाबतीत घरातील गृहिणी हे उत्तर रोज आचरणात आणते. घोड्याच्या बाबतीत मात्र, ज्या घरात या उत्तराची खरी गरज पडते, नेमक्या त्याच घरात त्याचा विसर पडतो. मालक पडतो, त्याच्या नडगीचे किंवा हासळीचे हाड मोडते, घरातील सारे लक्ष रुग्णालयाकडे लागते, आणि घोडे ठाणावर बांधलेले राहते. त्याला चारा मिळतो, दाणा मिळतो, पाणी मिळते. एवढे मिळाले म्हणजे त्याची निगा झाली, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत घोड्यास अपायकारक आहेच, परंतु पुढे जाऊन ती मालकाच्या जुळत आलेल्या हाडासही धोक्याची ठरते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

नाशिक जिल्ह्यात घोडे ही काही नवलाची वस्तू नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही दशके नाशिक शहर आणि नाशिक रोडचे रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान घोड्यांनी ओढलेली ट्राम धावत असे. पुढे यात्रेकरूंची ने-आण करण्याचे काम टांग्यांनी केले. मोटारींनी ते काम हिरावून घेतले, तरी घोडे नाहीसे झालेले नाही. सिन्नर, येवला, चांदवड या बाजूच्या मेंढपाळांचे बिऱ्हाड आजही तट्टांच्या पाठीवर चालते. लग्नसराईत वरातीसाठी घोडी पाळणारी कुटुंबे आहेत. हौसेने किंवा शर्यतीसाठी घोडे बाळगणारे बागायतदारही आहेत. तथापि संख्या झपाट्याने घटत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या गणनेत हाच आकडा सव्वासहा लाखांच्या घरात होता. सात वर्षांत निम्म्याजवळ जनावर कमी झाले. अशा वेळी हाताशी असलेले चांगले घोडे केवळ मालकाच्या दुखण्यापायी वाया जाणे, हे त्या कुटुंबाचे नुकसान आहेच, त्या जातीचेही आहे.

ठाणबंद घोड्यास सर्वांत मोठा अपाय होतो तो प्रेमाने दिलेल्या दाण्यामुळे. काम करणाऱ्या तट्टास दिवसाकाठी दीड-दोन किलो हरभऱ्याची भरड, जव किंवा चुणी लागते, कारण तो दाणा कामात खर्ची पडतो. काम थांबले की ती गरज त्याच दिवशी संपते. घरची मंडळी मात्र ‘मुके जनावर आहे, मालक नाही म्हणून उपाशी राहू नये’ या भावनेने तोबरा नेहमीइतकाच, कधी जरा अधिकच भरतात. आठ-दहा दिवस असे गेले की घोड्याच्या अंगावर तकाकी येते आणि पाहणारे त्याच्या प्रकृतीची वाखाणणी करतात. मग एखाद्या दिवशी कोणीतरी त्याला ओझ्यासाठी किंवा रपेटीसाठी बाहेर काढतो. पाव-अर्ध्या तासात घोडे घामाने निथळते, मागचे पाय ताठरतात, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कठीण होतात आणि ते जागच्या जागी अडते. लघवी करते ती काळपट तांबडी, कॉफीच्या रंगाची. स्नायूंचा नाश होऊन त्यांतील रंगद्रव्य मूत्रपिंडांतून बाहेर पडू लागल्याची ती खूण असते.

युरोपात ओझ्याच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुटी आणि पुरा दाणा मिळे, आणि सोमवारी सकाळी जुंपताच ते असे अडत. म्हणून तिकडे यास सोमवारचा रोग म्हणत. स्नायूंत आम्ल साठते, हे एकच कारण जुन्या पुस्तकांत दिलेले आढळते. आजचे पशुवैद्यक तेवढ्यावर थांबत नाही. काही घोड्यांत या रोगाकडे उपजत कल असतो, असे आता दिसून आले आहे. परंतु विश्रांतीच्या दिवसांत पुरा दाणा आणि त्यानंतर एकाएकी काम, हा क्रम घातक आहे, याबद्दल जुन्या-नव्यांत दुमत नाही.

अशा वेळी गावात हटकून एक चूक होते. घोडे घामाघूम होऊन अडले की त्यास पोटशूळ झाला असे समजून चार माणसे त्याला ओढून, मारून फिरवू लागतात. पोटशुळात हलके चालविण्याने कधी कधी आराम पडतो, त्यावरून हा प्रघात पडला असावा. पण या विकारात टाकलेले प्रत्येक पाऊल स्नायूंचा आणखी नाश करते. पुठ्ठे कठीण लागत असतील किंवा लघवी काळपट असेल, तर घोडे जेथे अडले तेथेच उभे ठेवावे, पाठीवरील सामान उतरवून अंगावर झूल किंवा घोंगडी टाकावी, पाणी पुढे ठेवावे आणि पशुवैद्यकास तेथेच बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

तेव्हा मालक पडला त्याच दिवशी दाणा किमान निम्म्याने कमी करावा, आणि चार-पाच दिवसांत, घोडे अंगाने भरलेले असल्यास, जवळजवळ बंद करावा. चारा मात्र मुळीच तोडू नये. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यात आम्ल अखंड पाझरत असते, आणि ते गाईप्रमाणे रवंथ करीत नाही. पोट बराच वेळ रिकामे राहिले तर जठरात व्रण होतात आणि चाळा म्हणून ते लाकूड चावू लागते. अडीचशे किलो वजनाच्या तट्टास दिवसभरात चार ते पाच किलो कोरडे गवत किंवा कडबा, तीन-चार वेळा विभागून द्यावा. जवळ मिठाचा खडा आणि पुढे सतत स्वच्छ पाणी असावे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरविला असता बोटांना सहज लागाव्यात, ही प्रकृतीची खूण कोणत्याही मोजपट्टीपेक्षा सोपी आहे.

नाशिकच्या शेतकऱ्यास येथे आणखी एक गोष्ट बजावून सांगणे जरूर आहे. मालक अंथरुणावर असला की घोड्यास घरात जे उरेल ते घातले जाते, आणि निफाड-लासलगावच्या बाजूस उरते ती बहुधा कांद्याची छाट. कांदा घोड्यास विषारी आहे. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या फिकट किंवा पिवळसर पडतात आणि येथेही लघवी गडद होते. शेजाऱ्याच्या गुरांनी खाऊन पचविला, यावरून घोड्यास तो चालेल असे अनुमान काढू नये. द्राक्षबागेच्या बांधावरील गवत फवारणीनंतर कापून आणणे हीही तशीच चूक आहे. कोंबड्यांच्या खाद्याचे उरलेले पोते घोड्यापुढे रिते करणे तर फारच धोक्याचे. त्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असण्याचा संभव असतो, आणि कोंबड्यांना मानवणारे ते औषध घोड्याचे हृदय निकामी करते. कोवळी हिरवी ज्वारीही घोड्यास घालू नये. घरातील ज्या मुलावर चाऱ्याचे काम सोपविले असेल, त्याला या चार गोष्टी समोर बसवून सांगाव्यात. मालकाला त्या माहीत असतात, पण तो रुग्णालयात असतो.

दाण्याचे झाले, आता फिरविण्याचे. जुन्या जाणत्यांचे म्हणणे असे, की घोड्यास विश्रांती मिळाली तर ते अधिक ताकदीचे होते. यात तथ्य नाही असे नाही. सरावातील घोड्याचा दम माणसाच्या मानाने बराच काळ टिकतो; तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीने तो फारसा उतरत नाही. पण विश्रांती आणि बंदिवास यांत फरक आहे. मोकळ्या रानात चरणारे घोडे दिवसभर पाऊल पाऊल पुढे सरकत असते. त्याचे खूर जमिनीवर टेकतात आणि उचलले जातात, तसतसे पायातील रक्त वर ढकलले जाते. खुंट्याला अगाडी-पिछाडी बांधून उभ्या केलेल्या घोड्यात ही क्रिया मंदावते. दोन-चार दिवसांत त्याच्या पायांवर, विशेषतः मागच्या, सूज उतरते. पोट जड होऊन पोटशुळाची भीती वाढते. घोडे हा कळपाने राहणारा प्राणी असल्यामुळे एकटेपणाने ते ठाणावर डुलू लागते, हवा गिळू लागते, येणाऱ्याजाणाऱ्यास चावू पाहते. या खोडी एकदा लागल्या की मालक बरा झाल्यावरही सुटत नाहीत.

म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास घोडे हाताने धरून चालविणे, एवढे तरी झालेच पाहिजे. यासाठी स्वार लागत नाही. जनावरास न घाबरणारा, पायांत बूट घातलेला एक माणूस आणि एक मजबूत दोर पुरतो. दोर हातास गुंडाळून मात्र घेऊ नये; घोडे बुजले तर घरात दुसरा जायबंदी होतो. डांबरी सडकेऐवजी शेतवाट बरी, आणि वाटेत हलकी चढण असेल तर फारच उत्तम, कारण चढणीवर सावकाश चालताना मागच्या पुठ्ठ्यांना जो व्यायाम होतो तो सपाटीवरील दुडकीनेही होत नाही. आठ-दहा दिवसांनी चालण्याचा वेळ वाढवावा आणि शक्य असल्यास उपयोगाचे हलके काम द्यावे. रानातून गवताचे ओझे घरी आणणे हे असे काम आहे. अडीचशे किलोच्या तट्टास पन्नास किलोपर्यंत ओझे सोसते; १९६५ च्या नियमांनी तट्टासाठी घातलेली कमाल मर्यादा ७० किलोची आहे, पण ती कमावलेल्या जनावरासाठी समजावी, ठाणावरून नुकत्याच उठलेल्यासाठी नव्हे.

चालविण्याइतकेच खराऱ्याचे महत्त्व आहे, आणि ते काम घरातील कोणीही करू शकतो. रोज पाव तास जोर लावून केलेला खरारा कातडीखालचे रक्त खेळते ठेवतो. शिवाय हात सर्वांगावरून फिरत असल्यामुळे सूज, जखम, ताप लगेच ध्यानात येतो. खूर दिवसातून एकदा उचलून साफ करावेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ओल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराच्या तळव्यास कुजकट वास येऊ लागला, तर जागा कोरडी करण्यास एक दिवसाचाही विलंब लावू नये. नालबंदाची फेरी चुकवू नये, ही सूचना काहींना अनाठायी खर्चाची वाटेल. पण खूर महिन्यास सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढतो, आणि घोडे कामावर नाही म्हणून तो वाढावयाचा थांबत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर छाटून घ्यावेतच. काम नसेल त्या काळात नाल न बसविता खूर तसेच ठेवण्यास मात्र हरकत नाही, खर्चही वाचतो.

प्रश्न उरतो तो हे सारे करावयाचे कोणी. येथे मेंढपाळांच्या वाड्याकडे पाहण्यासारखे आहे. त्यांची तट्टे बहुधा भीमथडी जातीची. दख्खनच्या या काटक जातीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र नोंद अलीकडेच झाली. या वाड्यात पुरुष मेंढ्यांमागे असतो, आणि बिऱ्हाड बांधणे, तट्टावर लादणे, मुक्कामावर उतरविणे ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या हातची असतात. लहान मुले, कोंबड्या, भांडी सारे त्याच पाठीवर चालते. त्यामुळे ते तट्टू चार हातांना सरावलेले असते. वाड्यातील एक माणूस आडवा झाला, तरी तट्टाचे चालणे खंडत नाही. याउलट हौसेचे किंवा शर्यतीचे घोडे बहुधा एकाच हाताचे असते, आणि ‘माझ्याशिवाय कोणास जवळ येऊ देत नाही’ हे मालक अभिमानाने सांगतो. तो अभिमान मालकाचा पाय मोडेपर्यंतच परवडतो. घोडे धडधाकट मालकाच्या हाती असतानाच त्याला घरातील आणखी दोघांची सवय लावली, तर पुढचे निम्मे काम आधीच झालेले असते.

गावातील तरुण मुलांच्या हाती घोडे देण्याबाबत मात्र जपून वागावे. मालक पाहावयास नाही, घोडे दाण्याने मातलेले आहे आणि जत्रा जवळ आली आहे, असा योग जुळला की कोणीतरी त्यावर बसून भरधाव सोडतो. मदत म्हणून आलेला असा स्वार नसलेला बरा. ज्याला घोड्यावर बसू द्यावयाचे, त्याने पहिले काही आठवडे कदम चालीपलीकडे जाऊ नये, हे मालकाने अंथरुणावरून स्वतः सांगितलेले असावे. शेजारी सांगून ऐकत नाही. मालकाचा शब्द ऐकतो.

कित्येक घरांत या साऱ्या खटाटोपापेक्षा घोडे विकून टाकण्याचा विचार होतो. रुग्णालयाचा खर्च समोर असतो, त्यामुळे त्या विचारास नावे ठेवता येणार नाहीत. परंतु घाईत बांधावरच सौदा करणाऱ्यास किंमत कधीच नीट मिळत नाही. येवल्याचा घोड्यांचा बाजार जिल्ह्यातच आहे, आणि दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास भरणाऱ्या यात्रेत दूरदूरचे ग्राहक येतात. विकावयाचेच असले तरी, चालते-फिरते, मोकळ्या पायांचे, शांत घोडे आणि ठाणावर सुजलेले, डुलणारे घोडे यांच्या किमतीतील फरक जाणता ग्राहक पहिल्या फेरीतच ओळखतो. दोन-तीन महिने फिरविण्याचे श्रम त्या फरकातून सहज भरून निघतात. मग विकण्याचा निर्णय मालकाने स्वतः, शुद्धीवर व स्वस्थ चित्ताने घ्यावा.

या ठिकाणी विस्तारकार्याबद्दलही स्पष्ट लिहिणे जरूर आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे शिक्षण गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांभोवती होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे घोड्याचा मालक त्याच्या वहीत बहुधा नसतो. मेंढपाळ तर एका गावात ठरत नसल्यामुळे कोणाच्याच वहीत नसतो. एखादा शेतकरी पडून जायबंदी झाल्याचे कार्यकर्त्यास कळते, तेव्हा तो विमा, उपचार, पिकाची राखण यांची चौकशी करतो; गोठ्यात घोडे आहे काय, हा प्रश्न विचारला जात नाही. तो पहिल्याच भेटीत विचारला जावा आणि दाणा कमी केला की नाही, हे त्याच वेळी पाहिले जावे. यासाठी योजना नको, अनुदान नको. फक्त सवय हवी. घोड्याची नाडी पाहण्यास शिकणे हेही कठीण नाही. जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवले असता ती लागते. निरोगी, विसावलेल्या घोड्यात ती मिनिटाला साधारणतः २८ ते ४४ असते. फिरवून आणल्यावर दहा मिनिटांनी ती साठाच्या खाली उतरली नाही, तर काम झेपले नाही असे समजावे. आठवड्यातून एकदा ही नोंद भिंतीवर लिहिली, तर खाटेवर पडलेल्या मालकासही आपल्या घोड्याची हकीकत वाचता येते.

मालकाच्या परतण्यासंबंधी दोन शब्द. हासळीचे हाड जुळण्यास मोठ्या माणसात सहा ते बारा आठवडे लागतात. नडगीचे हाड चार-सहा महिनेही घेते. घोडे ठाणावर खराब होत आहे, हे दिसत असले की माणसाचा जीव खाटेवर ठरत नाही आणि तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी उठतो. नेमके त्याच वेळी घोडे दाण्याने फुगलेले आणि कित्येक दिवसांत न चाललेले असते. अर्धे जुळलेले हाड आणि उधळण्यास टपलेले घोडे यांची गाठ पडली म्हणजे दुसरा अपघात पहिल्याहून वाईट होतो. घोडे रोज फिरत आहे, शांत आहे, हे ज्याला दिसते तो मुदत पुरी करतो. ज्याची जखम उघडी होती, त्याने धनुर्वाताची लस घेतली आहे याची खात्री करून मगच तबेल्यात पाऊल टाकावे. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्या रोगाचे जंतू हमखास असतात.

घोड्यालाही परत कामावर आणताना घाई करू नये. महिनाभर नुसते हाताने चाललेले घोडे पूर्वीच्या कामास येण्यास साधारण तेवढाच काळ लागतो, असे धरून चालावे. दम लवकर परत येतो. कंडरा आणि हाडे मागाहून येतात. घोडे पळावयास तयार दिसते, पण पाय तयार नसतात, आणि लंगडेपणाची पुष्कळशी उदाहरणे याच पंधरवड्यातील असतात. आधी स्वारासह कदम चाल, मग थोडी थोडी दुडकी, चढण, आणि अखेरीस वेग किंवा पुरे ओझे, असा क्रम ठेवावा. दाणाही काम वाढल्यानंतर वाढवावा, कामाच्या आधी नव्हे.

मालक पहिल्या दिवशी बसावयास निघेल, त्या दिवशी दुसऱ्या कोणी घोडे अर्धा तास चालवून आणलेले असावे. रिकीब धरून जमिनीवरून उडी घेण्याचा जुना डौल त्या दिवशी बाजूस ठेवावा. घोडे ओट्यालगत उभे करावे, घरातील एकाने लगाम धरावा, आणि मालकाने ओट्यावरून सावकाश पाठीवर बसावे. पहिली फेरी वाड्याच्या आवारातच, दहा मिनिटांची.